कावेरीच्या शेतावर छोटे विमान

मे महिन्यात तंजावरहून तिरुवैयारूकडे किंवा पापनाशमकडे निघालेल्या प्रवाशाला रस्त्याच्या दोन्ही बाजूंस सपाट, उघडी शेते दिसतात. मध्ये टेकडी नाही, चढउतार नाही. बांधावर माडांची एखादी रांग, दूरवर एखाद्या मंदिराचे गोपुर, आणि त्यांच्यापलीकडे पुन्हा शेतेच. हे दृश्य पाहून छोटे विमान उडविण्याचा छंद असलेल्या माणसाला वाटेल की, याहून चांगले मैदान शोधूनही सापडणार नाही. त्याचे म्हणणे खरे आहे. पण वर्षातून फारतर दोन महिन्यांपुरतेच. उरलेले दहा महिने ही जमीन मैदान नसते. ती पाण्याखाली असते, पिकाखाली असते, किंवा वरून रिकामी दिसली तरी तिच्यात बी पडलेले असते.

विजेच्या मोटरवर चालणारे आणि रेडिओलहरींनी नियंत्रित होणारे लहान विमान कसे सज्ज करावे व कसे उडवावे, हे या पाठात पाहावयाचे आहे. त्यासाठी आपण कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील एखादे गाव डोळ्यांसमोर ठेवू. विमानाचे शास्त्र सर्वत्र सारखेच असले, तरी उड्डाणाचे यश शेवटी त्या त्या ठिकाणचा वारा, जमीन आणि माणसे यांच्यावर अवलंबून असते. बहुतेक मॉडेल विमाने आकाशात चूक झाल्यामुळे मोडत नाहीत. जमिनीवर करावयाची एखादी गोष्ट राहून गेल्यामुळे ती मोडतात. या पाठाचे सार एवढेच आहे.

थोडा पूर्वेतिहास

लहान विमाने ही मोठ्या विमानांची नक्कल होय, असा एक समज आहे. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. राइट बंधूंच्या १९०३ मधील उड्डाणापूर्वी बत्तीस वर्षे, १८ ऑगस्ट १८७१ रोजी, आल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या त्विलरी उद्यानात पीळ दिलेल्या रबरावर चालणारे एक छोटे विमान सोडले. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. अंतर किरकोळ होते, पण ते विमान कोणीही न सावरता आपला तोल आपणच राखत गेले, ही गोष्ट महत्त्वाची होती. पंखांची टोके किंचित उचललेली आणि मागे शेपटीचा लहान आडवा पंख, या रचनेतून तो तोल साधला होता. शिकाऊ मॉडेल विमानांची घडण आजही तशीच असते.

रेडिओद्वारे विमानाला दिशा देण्याचे प्रयोग १९३७ च्या सुमारास अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी यशस्वी केले. मात्र त्यांच्या विमानाचे इंजिन पेट्रोलवर चालणारे होते. विजेच्या मोटरवर चालणारे आणि रेडिओने नियंत्रित होणारे विमान कर्नल टॅपलिन यांनी इंग्लंडमध्ये ३० जून १९५७ रोजी उडविले. तरीही पुढील अनेक वर्षे विजेवरील विमान ही कुतूहलाचीच बाब राहिली, कारण त्या काळच्या बॅटऱ्या वजनाने जड होत्या आणि त्यांच्यात साठणारी ऊर्जा थोडी असे. लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि ब्रशविरहित मोटर या दोन गोष्टी विसाव्या शतकाच्या अखेरीनंतर सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्या, तेव्हा हे चित्र पालटले. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या मानाने नव्या बॅटरीत तेवढ्याच वजनात सुमारे तिप्पट ऊर्जा मावते. त्यामुळे आज गावातील विद्यार्थीही धूर नाही, तेल नाही आणि फारसा आवाज नाही, असे विमान उडवू शकतो.

विमानाची निवड

नवशिक्याने पहिल्या विमानासाठी लढाऊ विमानाचा डौल पाहू नये. धडाच्या वर बसविलेला सरळ पंख, टोकांकडे किंचित उचललेले त्याचे दोन भाग आणि नाकाशी एक मोटर, असे साधे विमान घ्यावे. फोमचे विमान पडले तरी चिकटवून पुन्हा उभे करता येते. आपल्या उदाहरणातील विमानाच्या पंखाची लांबी १ मीटर, रुंदी १८ सेंटिमीटर आणि सर्व सामग्रीसह वजन ६०० ग्रॅम आहे, असे धरू.

त्याच्या आत पाच मुख्य वस्तू असतात. रेडिओसंदेश पकडणारा ग्राही, मोटरला मिळणारा विद्युत्प्रवाह कमीजास्त करणारा वेगनियंत्रक, मोटर व तिच्यावरील प्रॉपेलर, शेपटीचे पृष्ठभाग हलविणाऱ्या दोन लहान सर्व्हो मोटरी, आणि बॅटरी. शेपटीचा आडवा हलता भाग म्हणजे एलेव्हेटर. त्याने नाक वर किंवा खाली होते. उभा हलता भाग म्हणजे रडर. त्याने विमान डावीउजवीकडे वळते. पंखांची टोके उचललेली असल्यामुळे रडर फिरविताच विमान बाजूला कलते आणि सहजपणे वळण घेते. पंखावरील एलेरॉनची येथे गरज पडत नाही. मोटर, एलेव्हेटर आणि रडर ही तीन नियंत्रणे शिकण्यास पुरेशी आहेत.

विमान हवेत राहते ते मोटरच्या जोरावर नव्हे, तर पंखावरून वाहणाऱ्या हवेच्या जोरावर, ही गोष्ट प्रथमच मनात पक्की करावी. मोटर विमानाला पुढे ओढते. पुढे जाताना पंख समोरून येणाऱ्या हवेला खाली वळवितात, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून विमानाला वर उचलणारे बल मिळते. वेग एका मर्यादेखाली गेला, की हवा पंखाच्या वरच्या पृष्ठास धरून वाहत नाही, उचलणारे बल एकाएकी घटते आणि नाक खाली पडते. यालाच स्टॉल म्हणतात. आपल्या विमानाच्या बाबतीत ही मर्यादा साधारणपणे सेकंदाला ७ मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटरच्या आसपास येते. हा आकडा ध्यानात ठेवावा. वाऱ्याचा विचार करताना तो पुन्हा लागणार आहे.

तोल

विमान जोडून झाल्यावर पहिली तपासणी तोलाची. पंखाच्या पुढील कडेपासून मागे मोजत पंखाच्या रुंदीच्या चौथ्या ते तिसऱ्या भागाच्या दरम्यान विमानाचा गुरुत्वमध्य असावा. पंख १८ सेंटिमीटर रुंद असल्यास ही जागा पुढील कडेपासून साडेचार ते सहा सेंटिमीटर मागे येते. तेथे पंखाच्या खाली दोन्ही बाजूंस पेन्सिलीने खूण करावी, खुणांवर दोन बोटांची टोके टेकवावीत आणि विमान अलगद उचलावे. बॅटरी जागेवर बसविलेली असली पाहिजे. विमान आडवे राहिले किंवा नाक अगदी किंचित झुकले, तर तोल योग्य आहे. शेपटी खाली गेली, तर बॅटरी पुढे सरकवावी. नाक फार झुकले, तर मागे घ्यावी. शिसे लावून वजन वाढविण्यापेक्षा बॅटरी सरकविणे केव्हाही बरे.

नाकाकडे जड असलेले विमान उडते, पण आळशीपणे. शेपटीकडे जड असलेले विमान हातातून सुटताच नाक वर करते, वेग गमावते आणि कोसळते. त्याला सावरण्याइतका अवधी नवशिक्याला मिळत नाही. एका मिनिटाची ही तपासणी टाळल्याने एका महिन्याचे काम वाया जाते.

बॅटरी आणि आग

आपल्या विमानात तीन घटांची १३०० मिलिअँपिअर-तासांची लिथियम-पॉलिमर बॅटरी आहे. प्रत्येक घटाचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो आणि तो सुमारे ३.३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. तसे झाल्यास घट कायमचा बिघडतो. म्हणून बॅटरीतील चार-पंचमांश विद्युतच वापरावी. ती होते १०४० मिलिअँपिअर-तास. उड्डाणात सरासरी ८ अँपिअर प्रवाह लागतो असे धरले, तर सुमारे पावणेआठ मिनिटांचे उड्डाण मिळेल. प्रेषकावरील घड्याळ सहा मिनिटांवर लावावे. उरलेला वेळ उतरण्याचा एक प्रयत्न फसल्यास दुसऱ्या प्रयत्नासाठी असतो.

बॅटरी तिच्याच जातीच्या, प्रत्येक घटाचा दाब समान ठेवणाऱ्या चार्जरने भरावी. या बॅटरीसाठी १.३ अँपिअरचा प्रवाह योग्य असून त्यास सुमारे एक तास लागतो. येथे एक सूचना मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखी आहे. बिघडलेली किंवा चुकीच्या रीतीने भरलेली लिथियम बॅटरी पेट घेते, आणि ती आग वेगाने भडकते. त्रिभुज प्रदेशातील गावांत माडाच्या विणलेल्या झावळ्यांनी शाकारलेली घरे व गोठे आजही आढळतात. अशा छपराखाली बॅटरी भरीत ठेवून निजावयास जाणे म्हणजे घर पणास लावणे होय. ती उघड्यावर, सिमेंटच्या फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत ठेवून, शेजारी वाळूची बादली घेऊन आणि समोर बसूनच भरावी. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. आठवडाभर उडवावयाचे नसेल, तर प्रत्येक घट ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. मे महिन्याच्या उन्हात बॅटरी दुचाकीच्या बंद कप्प्यात कधीही सोडू नये.

शेत कधी रिकामे असते?

आता मैदानाकडे वळू. येथील शेतीचे वर्ष परंपरेने मेट्टूर धरणाच्या पाण्यापासून सुरू होते. १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणातून १२ जून रोजी पाणी सोडण्याचा प्रघात आहे. धरणात पुरेसे पाणी नसेल त्या वर्षी तो पाळता येत नाही. ते पाणी काही दिवसांत कल्लणै या प्राचीन बंधाऱ्याशी पोहोचते व तेथून कालव्यांत वाटले जाते. त्यावर कुरुवै हे कमी मुदतीचे भातपीक जून-जुलैत लागते व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघते. त्याच शेतात पुढे ताळडी हे दुसरे पीक येते. जेथे एकच मोठे पीक घेतात, तेथे ऑगस्टपासून सांबा भात उभे असते व पोंगलच्या सुमारास, जानेवारी-फेब्रुवारीत, त्याची कापणी होते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो आणि त्या वेळी उड्डाणाचा विचारच नको.

बाहेरून आलेला मनुष्य फसतो तो फेब्रुवारीत. भात कापलेले असते, खुंट उभे असतात, शेत मोकळे दिसते. प्रत्यक्षात भाताच्या कापणीपूर्वी आठ-दहा दिवस आधीच ओल्या चिखलात उडीद किंवा मूग विस्कटून पेरण्याची पद्धत या भागात रूढ आहे. ते बी जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर वाढते. आपल्याला जे रिकामे खुंट वाटतात, त्यांच्यामधून शेतकऱ्याचे पुढचे पीक उगवत असते. पडलेले विमान आणावयास चार मुले त्यातून धावली, तर नुकसान कोणाचे होते हे सांगावयास नको.

म्हणून कडधान्य निघाल्यानंतर, साधारणपणे एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंतचा काळ हाच या प्रदेशातील उड्डाणाचा खरा हंगाम होय. त्या काळातही विहिरीच्या पाण्यावर उन्हाळी भात किंवा कापूस घेतलेली शेते असतात. तेव्हा पहिले काम म्हणजे जमीन कोणाची आहे हे विचारणे आणि त्याची परवानगी घेणे. शेतकऱ्याला उड्डाण पाहावयास बोलवावे. बहुधा तो येतो, आणि वारा कोणीकडून उठतो, कोणत्या बांधाआड साप असतो, पंपाची वीजवाहिनी कोठून जाते, या गोष्टी त्याच्याइतक्या नेमकेपणाने दुसरे कोणी सांगू शकत नाही.

उन्हाळ्यात कोरडे पडलेले कोळ्ळिडम नदीचे रुंद वाळूचे पात्र हीदेखील सोयीची जागा असते. वाळूवर पडलेले विमान सहसा मोडत नाही. मात्र तिचे कण मोटरीत शिरतात. वाळूत उतरल्यावर मोटर हाताने फिरवून पाहावी. खरखर जाणवल्यास ती स्वच्छ केल्यावाचून पुन्हा चालवू नये.

वारा

तमिळ भाषेत अशा अर्थाची एक म्हण आहे की, आडी महिन्याच्या वाऱ्यात घरातला पाटासुद्धा उडून जातो. आडी म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळ. नैऋत्य मोसमी वारे पश्चिम घाटातील पालघाट खिंडीतून आत शिरून पूर्वेकडे वाहतात आणि या सपाट प्रदेशात त्यांना अडविणारे काही नसते. जेथे पाटा उडतो, तेथे ६०० ग्रॅमच्या विमानाने जाऊ नये. उन्हाळ्यातही दिवस चढला की वारा वाढतो आणि समुद्राजवळच्या गावांत दुपारनंतर खारा वारा सुरू होतो. पहाटे उजाडल्यापासून साडेसात वाजेपर्यंतचा वेळ सर्वांत शांत. त्या वेळी ऊनही सोसवते.

वाऱ्याचा परिणाम एका सोप्या हिशोबाने ध्यानात येईल. विमान हवेतून सेकंदाला १० मीटर वेगाने जाते आणि वारा सेकंदाला ५ मीटर आहे, असे समजा. वाऱ्यासोबत जाताना जमिनीवरून पाहणाऱ्याला त्याचा वेग १५ मीटर दिसतो. ते २०० मीटर अंतर सुमारे १३ सेकंदांत कापते. परतताना मात्र वेग ५ मीटरच उरतो आणि तेवढ्याच अंतराला ४० सेकंद लागतात. म्हणजे १३ सेकंदांची दुर्लक्षाची किंमत ४० सेकंदांनी चुकवावी लागते, आणि बॅटरी संपत आली असेल तर ती चुकविताच येत नाही. यासाठी विमान नेहमी आपल्या वाऱ्याकडील बाजूस ठेवावे.

याहून घातक चूक दृष्टीची असते. वाऱ्यासोबत जाणारे विमान फार जोरात चालले आहे असे वाटून नवशिका मोटर मंद करतो व नाक वर ओढतो. प्रत्यक्षात पंखावरून जाणाऱ्या हवेचा वेग १० मीटरच असतो; तो ७ मीटरच्या खाली उतरला, की विमान स्टॉल होऊन पडते. पंखाला जमीन ठाऊक नसते, हवाच ठाऊक असते.

मोजण्याचे साधन जवळ नसल्यास माडाकडे पाहावे. झावळ्यांची टोकेच हलत असतील, तर उडविण्यास हरकत नाही. सगळ्या झावळ्या एकाच बाजूला वळून राहिल्या असतील, तर घरी परतावे.

उड्डाणापूर्वीची तपासणी

पुढील क्रम दर उड्डाणापूर्वी, एकही पायरी न गाळता पाळावा. मोठ्या विमानाचा अनुभवी वैमानिकही हातात यादी घेऊनच तपासणी करतो. स्मरणशक्ती कमी पडते म्हणून नव्हे, तर घाई ही सर्वांनाच होते म्हणून.

१. पंख, शेपटी व प्रॉपेलर घट्ट आहेत का, प्रॉपेलरला चीर नाही ना, हे हाताने पाहावे.

२. बॅटरीचा दाब मोजावा. पूर्ण भरलेल्या तीन घटांचा एकूण दाब १२.६ व्होल्ट असतो. बॅटरी पट्ट्याने पक्की बांधावी व तोल पुन्हा पाहावा.

३. आधी प्रेषक सुरू करावा आणि मगच विमानाची बॅटरी जोडावी. उड्डाण संपल्यावर आधी बॅटरी सोडवावी आणि मग प्रेषक बंद करावा. हा क्रम उलटला, तर मोटर अनपेक्षितपणे फिरू शकते. बॅटरी जोडल्यापासून बोटे, वेणी, धोतराचा सोगा प्रॉपेलरपासून दूर असावेत.

४. विमानाच्या मागे उभे राहून नियंत्रणे तपासावीत. दांडी उजवीकडे नेली की रडरही उजवीकडे वळले पाहिजे. दांडी आपल्याकडे ओढली की एलेव्हेटर वर उचलला गेला पाहिजे. ही दिशा उलटी असताना सोडलेले विमान वाचत नाही.

५. प्रेषकात पल्ला तपासण्याची सोय असल्यास तिने शक्ती कमी करून, माहितीपत्रकात सांगितलेल्या अंतरावर जाऊन, नियंत्रणे न थरथरता चालतात का ते पाहावे. आजचे प्रेषक २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. त्यांची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते आणि ओल्या पानांत त्या शोषल्या जातात. केळीच्या बागेआड किंवा माडांच्या दाट राईपलीकडे विमान नेल्यास ते दृष्टीबरोबर संदेशालाही मुकते.

६. संदेश तुटल्यास मोटर आपोआप थांबते का, याची परीक्षा नव्या विमानाच्या बाबतीत प्रॉपेलर काढून घरीच करावी. मोटर मंद चालू ठेवून प्रेषक बंद केला, की ती थांबली पाहिजे.

पहिले उड्डाण

साहाय्यकाने वाऱ्याकडे तोंड करून उभे राहावे. मोटर सुमारे तीन-चतुर्थांश वेगावर आल्यावर त्याने दोन पावले पुढे टाकीत विमान भाल्यासारखे सरळ, पंख समांतर ठेवून सोडावे. वर भिरकावू नये. वर फेकलेले विमान वेग मिळण्याआधीच तो गमावते. उडविणाऱ्याने पहिल्या काही सेकंदांत शक्य तितके कमी करावे. विमानाला वेग घेऊ द्यावा आणि मग हलकेच नाक उचलून ते उंच माडाच्या वर, सुमारे तीस मीटरपर्यंत न्यावे. उंची हा नवशिक्याचा खरा मित्र होय. तीस मीटरवर झालेली चूक सुधारता येते, तीन मीटरवर झालेली नाही.

वर गेल्यावर मोटर निम्म्यावर आणावी आणि विमान सरळ जाते का ते पाहावे. एका बाजूला ओढत असेल, तर प्रेषकावरील सूक्ष्म-समायोजनाने ते सरळ करावे. नंतर मोठी, सावकाश वळणे घ्यावीत, आणि प्रत्येक वळण आपल्यापासून दूर जाणारे असावे. विमान आपल्याकडे येऊ लागले, की डावेउजवे उलटे भासते. अशा वेळी जो पंख खाली झुकला असेल, त्याच बाजूला दांडी न्यावी. पंख वर येतो. आणि विमान काय करीत आहे हे समजेनासे झाले, तर दोन्ही दांड्या सोडून मोटर मंद करावी. चांगल्या तोलाचे शिकाऊ विमान बहुधा आपणच सावरते. पेनोच्या त्या छोट्या विमानाने हेच दाखवून दिले होते.

उतरताना दूरवरून, वाऱ्याकडे तोंड करून यावे. मोटर बंद करून विमानाला तरंगत खाली येऊ द्यावे, नाक किंचित खाली ठेवून वेग राखावा, आणि जमीन अर्धा मीटर उरली की एलेव्हेटर अलगद ओढावा. मैदान अपुरे पडेल असे वाटले, तर मोटर वाढवून वेळीच पुन्हा वर जावे.

तारा, पाणी आणि माणसे

विमान कालव्यात किंवा चिखलात पडले, तर आधी बॅटरी सोडवावी, सगळे भाग गोड्या पाण्याने धुवावेत आणि पूर्ण वाळल्यावरच पुन्हा जोडावेत. विमान माडावर अडकले, तर झाडावर चढण्यात तरबेज असलेल्या माणसाची वाट पाहावी.

परंतु विमान विजेच्या तारेवर अडकले, तर त्याचा त्याग करावा. शेतपंपांसाठी या भागात सर्वत्र वीजवाहिन्या गेल्या आहेत, आणि बांबूने विमान खाली पाडण्याचा मोह प्रत्येक मुलाला होतो. पहाटेच्या दवाने ओला झालेला बांबू वीज वाहून नेतो. वीज मंडळाच्या माणसांना कळवावे आणि तोवर कोणालाही जवळ जाऊ देऊ नये. पुन्हा विकत घेता येईल अशी वस्तू वाचविण्यासाठी जीव धोक्यात घालावयाचा नसतो, एवढी एक गोष्ट मुलाने या छंदातून शिकली तरी पुष्कळ झाले.

तीच सावधगिरी इतरांसाठी घ्यावी. शेतात कोणी वाकून काम करीत असेल, गुरे चरत असतील, तर त्यांच्यावरून विमान नेऊ नये. घारी पाठलाग करू लागल्या, तर विमान खाली आणावे.

कायद्याची चौकटही ध्यानात हवी. भारतात मानवरहित विमानांना २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत, आणि आपले विमान २५० ग्रॅमहून अधिक व २ किलोग्रॅमच्या आत असल्याने वजनाच्या दृष्टीने 'सूक्ष्म' वर्गात येते. छंदासाठी किंवा शिक्षणासाठी उडविले जाणारे मॉडेल विमान सदैव डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरावर असावे लागते. हरित क्षेत्रात उंचीची मर्यादा ४०० फूट आहे. विमानतळाच्या सीमेपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फूट होते, आणि ८ किलोमीटरच्या आत परवानगीवाचून उडविता येत नाही. हा तपशील तंजावरच्या परिसरात विशेष महत्त्वाचा आहे, कारण शहरालगत भारतीय वायुसेनेचा तळ आहे. २०१३ मध्ये तो कार्यान्वित झाला आणि २०२० पासून सुखोई-३० विमानांची तुकडी तेथे आहे. म्हणून उडविण्यापूर्वी शासनाच्या हवाई क्षेत्र नकाशात आपले गाव कोठे येते ते पाहावे आणि त्या वेळी लागू असलेले नियम वाचावेत.

छंदाचे फळ

इतकी काळजी घेऊन सहा मिनिटे विमान उडविण्यात काय साधते, असा प्रश्न शेताच्या मालकाने विचारला, तर तो रास्तच आहे. त्याचे एक उत्तर आता त्याच्याच शेतात दिसू लागले आहे. भातावर औषध फवारण्यासाठी ड्रोन वापरले जाऊ लागले आहेत, आणि महिला बचतगटांना असे ड्रोन देण्याच्या योजनेस केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. फवारणीचा ड्रोन पंखावर तरंगत नाही, त्याची रचना वेगळी आहे; पण वारा पाहणे, बॅटरीचा हिशोब ठेवणे, तारांपासून दूर राहणे आणि यादीतील एकही पायरी न गाळणे, हे सर्व तेथेही तेच आहे. चुकीच्या वाऱ्यात फवारलेले औषध शेजाऱ्याच्या शेतावर जाते. ६०० ग्रॅमच्या विमानावर जो हे शिकला, त्याच्या हाती मोठे यंत्र निर्धास्तपणे देता येते.

दुसरे उत्तर त्याहून साधे आहे. जूनमध्ये कालव्याला पाणी येते. जेथून विमान सोडले होते, तेथे आठवड्याभरात चिखलणी सुरू होते आणि उडविणाऱ्याला आपले विमान भिंतीवर टांगून ठेवावे लागते. पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा त्याच शेतकऱ्याकडे परवानगी मागावयास जाईल. गेल्या वर्षी त्याने बांध मोडला नसेल, उडीद तुडविला नसेल आणि पडलेल्या फोमचे तुकडे वेचून नेले असतील, तर ती परवानगी मिळेल. पुढील वर्षाच्या उड्डाणाची तयारी अशी या वर्षीच, जमिनीवर करून ठेवावी लागते.